शर्टावरून माणूस पकडायचा! वसाहतींच्या अमेरिकेची कपड्यांतून सांगितलेली गोष्ट

(आपल्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवलाय. हेडफोन हाताशी नसतील तर वाचा, असतील तर ऐका.)

 

आजची सुरुवात एका चोरीपासून. साल १७५०, गाव फिलाडेल्फिया. तेव्हा अमेरिका नावाचा स्वतंत्र देश नाहीये. अटलांटिक समुद्राच्या काठाने ब्रिटिशांच्या तेरा वसाहती आहेत, बस. तर एका शनिवारी रात्री एका छापखानेवाल्याच्या घरात चोर शिरले. मग त्याच्याच वर्तमानपत्रात, पेनसिल्व्हेनिया गॅझेटमध्ये, चोरीला गेलेल्या वस्तूंची यादी छापून आली.

यादीत पहिली वस्तू सोन्याच्या मण्यांची दुपदरी माळ. ठीक आहे, चोर सोनं नेणारच. पण पुढे वाचा. बाईचा लांब, लालभडक, जवळपास नवा क्लोक. म्हणजे खांद्यावरून पांघरायचा झगा. मग छापील सुती कापडाचा एक गाऊन. आणि त्याचं वर्णन किती बारकाईनं! जमीन गडद रंगाची, त्यावर मोठाले लाल गुलाब, आणखी लाल-पिवळी फुलं, काही फुलांत निळा रंग आणि भरपूर हिरवी पानं.

आपण फोन हरवला तर आयएमईआय नंबर देतो ना? तसा हा त्या गाऊनचा आयएमईआय नंबर!

हा छापखानेवाला म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. शंभर डॉलरच्या नोटेवर ज्याचा चेहरा आहे, तोच. आणि ही त्याच्याकडची पहिली चोरी नव्हती. १७३९ सालीही त्याच्याकडचे कपडे चोरीला गेले होते. त्या जाहिरातीत घरी कातलेल्या सुताचे चार शर्ट आहेत, झालरवाला एक उंची हॉलंड लिननचा शर्ट आहे, आणि एक काळी विजार आहे. विजारीचं वर्णन काय, तर बसायच्या जागी नवं कापड लावलेली! म्हणजे फ्रँकलिनसारखा धंद्यात जम बसलेला माणूससुद्धा मागून विरलेली विजार फेकत नव्हता, दुरुस्त करून घालत होता. आणि ती चोरीला गेली तर जाहिरात देत होता.

आज आपण शर्ट हरवला म्हणून कधी जाहिरात देऊ का? नाही. मग तेव्हा का? आजचा भाग याच प्रश्नावर आहे. वसाहतींच्या अमेरिकेत कापड म्हणजे नुसती फॅशन नव्हती. कापड म्हणजे साठवलेला पैसा होता, ओळखपत्र होतं, आणि कुणावर कुणाची सत्ता चालते ते दाखवणारी पाटीसुद्धा होती. चला, उलगडून बघू.

जवसाच्या झाडापासून शर्टापर्यंत

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकूया. आज आपल्याला साधा कपडा म्हटलं की कॉटन आठवतं. त्या काळी अमेरिकेत रोजच्या वापरातली मुख्य कापडं दोन: लिनन आणि लोकर. अंगाला लागून लिनन, वर लोकर. सुती कापडही होतं, पण बरंचसं बाहेरून आलेलं. आणि रेशीम श्रीमंतांचं.

लिनन येतं कुठून? आपण जवसाची चटणी खातो ना, त्याच जवसाच्या झाडाच्या देठातून. देठ कापायचे नाहीत, मुळासकट उपटायचे. वाळवायचे. मग पाण्यात नाहीतर दवात कुजवायचे. आपल्याकडे अंबाडी कुजवून वाख काढतात, अगदी तसंच. मग ते देठ लाकडी यंत्रात मोडायचे, फळीवर झोडायचे, लोखंडी दातांच्या फणीतून ओढायचे. एवढं झाल्यावर हातात जे केसांसारखे धागे येतात, ते चरख्यावर कातायचे. मग विणायचं. आणि विणलेलं कापड पिवळट-करडं असतं, ते पांढरं करायला आठवडेच्या आठवडे उन्हात गवतावर पसरून पाणी मारत राहायचं.

वसंतात पेरलेल्या जवसाचा शर्ट पुढच्या वर्षी अंगावर आला तर नशीब! आणि एका मागाला पुरेल इतकं सूत हवं तर कातणारी माणसं अनेक लागतात. हे कातण्याचं काम जवळपास सगळं बायकांचं. मुलींना लहानपणापासून हात बसवून दिला जायचा.

म्हणजे कपड्याच्या किमतीत शिलाईचा वाटा छोटा, कापडाचा प्रचंड. आज उलटं आहे. आज अल्टर करायला टेलर जे पैसे मागतो, त्यात कधीकधी नवा टी-शर्ट येतो. तेव्हा टेलर स्वस्त, कापड महाग. म्हणून बायकांच्या गाऊनला कापड कमीत कमी कापून चुण्या घालायचे. मग फॅशन बदलली, अंग भरलं किंवा आईचा गाऊन मुलीला द्यायचा झाला, की उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. माणूस वारला की त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची, तिच्यात कोट, शर्ट, मोजे, चादरी यांची किंमत लावलेली असायची. मृत्युपत्रात कपडे नावानिशी वाटले जायचे.

आणि एकूण कपडे तरी किती? पुरुषाला लांब शर्ट, गुडघ्यापर्यंतची विजार, लांब मोजे, वर बंडीसारखं वेस्टकोट, कोट, टोपी. बाईला आत शिफ्ट नावाचा सैल लिननचा सदरा, त्यावर पाठ ताठ ठेवणारं कासणीचं स्टेज, मग घागरे, गाऊन, एप्रन, डोक्यावर टोपी. खिसा? बायकांचा खिसा शिवलेला नसायचा. कमरेला नाडीने वेगळा बांधायचा, घागऱ्याच्या आत. थोडक्यात, आपल्याकडच्या बटव्याचा भाऊ.

आपल्या माळ्यावरचं चीट, त्यांच्या खिडकीतला पडदा

आता एक गैरसमज. वसाहतींमधले लोक सगळं कापड घरीच बनवायचे, प्रत्येक घरात चरखा आणि माग, असं चित्र अमेरिकेत फार लाडकं आहे. चरखे पुष्कळ घरांत होते, हे खरं. पण माग त्या मानाने थोड्याच घरांत. लोक घरी कातायचे, विणकराकडून विणून घ्यायचे, आणि त्याशिवाय भरपूर कापड विकत घ्यायचे. दुकानातलं हे कापड मुख्यतः जहाजातून, इंग्लंडमार्गे यायचं.

इंग्लंडमार्गेच का? कारण कायदाच तसा होता. १६६३ च्या कायद्याने युरोपातला बहुतेक माल वसाहतींना इंग्लंडमधूनच घ्यावा लागे. १६९९ साली लोकरीचा कायदा आला. वसाहतीत बनलेलं लोकरी कापड परदेशी पाठवायचं नाही, इतकंच काय, शेजारच्या वसाहतीतही विकायचं नाही. घरापुरतं विणा, हरकत नाही, पण धंदा करायचा नाही. १७३२ मध्ये टोप्यांवरही असाच कायदा आला. एका टोपीवाल्याकडे दोनपेक्षा जास्त शिकाऊ उमेदवार नकोत, हेसुद्धा त्यात लिहिलेलं! हिशेब सरळ: कच्चा माल तुम्ही द्या, पक्का माल आम्ही विकू. हा हिशेब आपल्या इतिहासात कुठे वाचलाय, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि इथे आपला थेट संबंध येतो.

सतराव्या शतकाच्या शेवटी भारतीय छापील सुती कापडानं इंग्लंडला वेड लावलं होतं. रंग पक्का, धुतला तरी जात नाही, वजनाला हलकं. तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचं धाबं दणाणलं. संसदेनं आधी १७०० मध्ये भारतीय छापील कापड देशात वापरायला आणण्यावर बंदी घातली, आणि १७२१ मध्ये असं छापील सुती कापड अंगावर घालण्यावरच बंदी आणली. पण गंमत बघा. लंडनमध्ये उतरवून पुढे वसाहतींना विकायला मोकळीक होती. म्हणजे लंडनच्या बाईला जे नेसायला बंदी, ते फिलाडेल्फियाच्या बाईला दुकानात मिळायचं.

यातले शब्द आजही जिवंत आहेत. कॅलिको हा कालिकत बंदरावरून. चिंट्झ म्हणजे आपलं चीट. आजीच्या तोंडी ‘चिटाचं पोलकं’ ऐकलं असेल ना, तेच! बंडाना हा बांधणी, बांधणे यावरून. सीरसकर हा मुळात फारसी शीर-ओ-शकर, म्हणजे दूध-साखर; एक पट्टी गुळगुळीत, एक चुरगळलेली म्हणून. आणि डंगरी? तो मुंबईच्या डोंगरीवरून, असं शब्दकोश सांगतात. जाडंभरडं सुती कापड या नावाने विकलं जायचं.

आणखी एक मस्त गोष्ट. कनेटिकटमध्ये एक छोटं, पैशाची चणचण असलेलं कॉलेज होतं. १७१८ साली एलिहू येल नावाच्या श्रीमंत माणसानं त्याला देणगी पाठवली: पुस्तकं, राजाचं चित्र आणि मालाचे नऊ गठ्ठे. त्यात मलमल, कॅलिको असं कापड होतं. ते विकून सुमारे ५६० पौंड उभे राहिले आणि कॉलेजनं उपकाराची आठवण म्हणून त्याचं नाव घेतलं. येल विद्यापीठ! हा येल आधी मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता, आणि त्याची संपत्ती तिथल्याच व्यापारातली. जगातल्या एका नामांकित विद्यापीठाच्या नावामागे कापडाचे गठ्ठे आहेत.

नजर आधी कपड्यावर

आता मुख्य मुद्दा. कापड इतकं महाग आणि इतकं वेगवेगळं असलं की काय होतं? अंगावर काय आहे ते बघून माणसाची पायरी ठरवता येते. आणि ज्यांच्या हातात सत्ता असते त्यांना वाटतं, ही पायरी कुणी ओलांडू नये.

१६५१ साली मॅसॅच्युसेट्सनं कायदा केला. ज्याची मालमत्ता २०० पौंडांपेक्षा कमी, त्यानं सोन्याचांदीची लेस, सोन्याचांदीची बटणं घालायची नाहीत. त्या घरच्या बाईनं रेशमी स्कार्फ घ्यायचा नाही. ऐपतीप्रमाणे कपडे घाला हा आईबाबांचा सल्ला नव्हे, सरकारचा हुकूम!

फ्रँकलिनला हे स्वतःच्या अंगावर कळलं होतं. १७२३ साली, सतरा वर्षांचा असताना, तो बॉस्टनला भावाच्या छापखान्यातून पळाला. भावाकडे तो करारानं बांधलेला शिकाऊ उमेदवार होता, म्हणजे पळणं बेकायदा. चांगले कपडे समुद्रमार्गे मागून यायचे होते. अंगात कामाचे, मळलेले, पावसात भिजलेले कपडे, आणि खिशांत कोंबलेले शर्ट आणि मोजे. वाटेत खानावळीतले लोक त्याला असे काही प्रश्न विचारू लागले की त्याला कळून चुकलं, हे आपल्याला पळालेला नोकर समजतायत. पुढे आत्मचरित्रात त्यानं हे सगळं लिहिलंय.

तो वाचला. गोरा होता, लिहायला-वाचायला येत होतं, हातात हुन्नर होतं. आणि काही वर्षांतच तो वर्तमानपत्राचा मालक झाला. त्या वर्तमानपत्रात काय छापून यायचं? पळालेल्या माणसांच्या जाहिराती! करारबद्ध नोकर पळाला, गुलाम पळाला, पकडून देणाऱ्याला इतकं बक्षीस. फोटो नव्हते. मग ओळख कशी सांगायची? उंची, वय, अंगावरचे व्रण, आणि कपडे. कुठल्या रंगाचा कोट, कसली विजार, बटणं कसली, मोजे कुठल्या लोकरीचे, टोपी नवी की जुनी.

एक खरी जाहिरात सांगतो. ऑगस्ट १७६१, मेरीलँड गॅझेट. चार जण पळालेत: पेरोस, जॅक, नेपच्यून आणि क्युपिड. यातल्या नेपच्यून आणि क्युपिडला मालकानं दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १७५९ मध्ये, आफ्रिकेहून आलेल्या जहाजावरून विकत घेतलं होतं. पेरोसच्या अंगात गडद रंगाचा कोट, पांढरं लिननचं वेस्टकोट, पांढरी विजार, पांढरे मोजे. जॅक बहुधा रोजच्या कामाच्या कपड्यांत, ऑस्नाबर्गच्या शर्टात. नेपच्यूनच्याही अंगात ऑस्नाबर्गचाच शर्ट.

जाहिरात देणाऱ्या मालकाचं नाव: जॉर्ज वॉशिंग्टन. होय, तेच. अमेरिकेचे पुढचे पहिले राष्ट्राध्यक्ष.

ऑस्नाबर्ग

हे ऑस्नाबर्ग काय प्रकरण आहे? जर्मनीतल्या ऑस्नाब्रुक गावावरून नाव पडलेलं, जाडंभरडं, न धुतलेलं लिननचं कापड. पोत्याच्या जवळचं. मळे चालवणारे ते तागेच्या तागे मागवायचे, कारण स्वस्त आणि लवकर न फाटणारं. वेल्समधल्या गरीब विणकरांनी विणलेलं खरबरीत लोकरी कापडही असंच जायचं. बाजारात त्याचं नावच होतं ‘निग्रो क्लॉथ’. वर्षाला ठरलेले मोजके कपडे मिळायचे, सगळ्यांना एकाच ताग्यातले.

नवा शर्ट टोचायचा किती? शंभरेक वर्षांनंतरची एक आठवण आहे. बुकर टी. वॉशिंग्टन हे पुढे मोठे शिक्षणतज्ज्ञ झाले. ते व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले. लहानपणी त्यांना जवसाच्या भरड धाग्याचा नवा शर्ट मिळाला की असंख्य टाचण्या टोचल्यासारखं व्हायचं. तेव्हा त्यांचा मोठा भाऊ जॉन तो शर्ट आधी काही दिवस स्वतः घालायचा. मऊ झाला की मग धाकट्याला द्यायचा. भावाच्या मायेची याहून मोठी गोष्ट मला तरी माहीत नाही.

आणि हे कापड बदलायलाही बंदी! १७४० साली, साउथ कॅरोलायनात आदल्या वर्षी गुलामांचा मोठा उठाव झाल्यावर, तिथे कडक कायदा आला. त्यात चक्क कापडांची यादी आहे. निग्रो क्लॉथ, ऑस्नाबर्ग, निळं लिनन, चौकड्याचं लिनन, कॅलिको, भरड लोकरी कापडं… यापेक्षा भारी काहीही गुलामाच्या अंगावर दिसलं तर कॉन्स्टेबलनं ते काढून घ्यावं. आणि काढून घेतलेलं कुणाचं? काढून घेणाऱ्याचंच! वाचून बघा परत. माणसाच्या अंगावरचा कपडा उतरवा आणि घरी न्या. सूट फक्त मालकाचा गणवेश घालणाऱ्या घरगड्यांना, कारण त्यात मालकाची शान.

पण ज्याअर्थी कायदा करावा लागला, त्याअर्थी लोक चांगले कपडे घालतच होते. कायद्यातच तक्रार आहे की गुलाम आपल्या पायरीपेक्षा वरचे कपडे घालतात. कुणी परसातला भाजीपाला विकून, कुणी कोंबड्या विकून, कुणी जुन्या बाजारातून कपडे मिळवायचे, रंगवायचे, ठिगळालाच नक्षी करायचे. आणि पळून जायचं ठरलं की कपडा हेच हत्यार. एक जास्तीचा कोट असला की पुढच्या गावात वर्णन जुळत नाही. म्हणून जाहिरातींत पुन्हा पुन्हा सूचना दिसते: आणखी कपडे सोबत नेलेत, कदाचित बदलेल. ज्या कपड्यानं बांधलं, तोच बदलून सुटायचं!

इथे दोन धागे जोडतो, कारण ते एकदा दिसले की विसरता येत नाहीत.

पहिला धागा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम विकत घेताना युरोपियन व्यापारी मोबदल्यात जो माल द्यायचे, त्यात भारतीय सुती कापड फार मोठं होतं. म्हणजे कोरोमंडल किंवा गुजरातच्या विणकरानं विणलेल्या कापडाच्या बदल्यात एक माणूस विकला जायचा, आणि अटलांटिकपलीकडे त्याच्या अंगावर जर्मन पोतं चढायचं. विणकराला याची कल्पनाही नसेल. पण कापडाचा हा प्रवास खरा आहे.

दुसरा धागा. त्या काळचा कागद लाकडापासून नाही, लिननच्या चिंध्यांपासून बनायचा. फ्रँकलिनची बायको डेबोरा दुकान सांभाळायची, आणि तिच्या कामांपैकी एक होतं जुन्या लिननच्या चिंध्या विकत घेणं. त्या कागद गिरणीत जायच्या, त्यांचा कागद व्हायचा, त्यावर वर्तमानपत्र छापलं जायचं. म्हणजे कुणाचा तरी फाटलेला शर्ट कागद होऊन परत यायचा, आणि त्यावर छापलेलं असायचं: अमुक माणूस पळालाय, अंगात ऑस्नाबर्गचा शर्ट.

शर्टावरच शर्टाची वॉरंट!

निळ्या रंगाबद्दलही दोन वाक्यं. साउथ कॅरोलायनात १७४० च्या दशकात एलायझा लुकास या तरुणीनं निळीचं पीक यशस्वी केलं. क्रांतीच्या तोंडावर तिथून वर्षाला दहा लाख पौंडांहून जास्त वजनाची नीळ निर्यात होत होती. पाला हौदांत कुजवायचा, घुसळायचा, वास असह्य, माश्यांचे थवे. ते सगळं काम गुलामांचं. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिशांची सवलत बंद पडली, आणि इंग्लंडनं निळीसाठी मोर्चा वळवला बंगालकडे. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

जुने कपडे हाच अभिमान

आता गोष्टीला वळण. १७६५ साली ब्रिटिश संसदेनं स्टॅम्प कायदा आणला. कागदपत्रांवर, वर्तमानपत्रांवर कर. वसाहतींमधले व्यापारी म्हणाले, ठीक आहे, आम्ही तुमचा मालच घेणार नाही. आणि तुमच्या मालात सगळ्यात मोठं काय? कापड!

मग लोकांनी कोकराचं मांस खाणं बंद केलं. मेंढ्या वाढू देत, लोकर वाढेल. फेब्रुवारी १७६६ मध्ये लंडनला संसदेसमोर फ्रँकलिनची साक्ष झाली. त्याला विचारलं, अमेरिकनांना पूर्वी कशाचा अभिमान होता? तो म्हणाला, ब्रिटनची फॅशन आणि ब्रिटनचा माल वापरण्याचा. आणि आता? नवे कपडे स्वतः बनवता येईपर्यंत जुनेच पुन्हा घालण्याचा. साक्ष संपली ती या उत्तरावर. महिन्याभरात कायदा रद्द झाला.

यानंतरचं पत्र मला फार आवडतं. एप्रिलमध्ये फ्रँकलिन डेबोराला लिहितो की आता कायदा रद्द झालाय, तर तुला नवा गाऊन घ्यायला हरकत नाही. शेजारणींपेक्षा भारी कपडे घालणं तुला आवडलं नसतं, म्हणून आधी पाठवला नव्हता. आणि सोबत साटीन पाठवतो: १४ वार, ११ शिलिंग वार. म्हणजे १५४ शिलिंग, ७ पौंड १४ शिलिंगचं नुसतं कापड! नऊवारीपेक्षा पाच वार जास्त. बायकोला खूशही करायचं आणि बहिष्कारही मोडायचा नाही. राजकारणी माणूस!

१७६७ नंतर नवे कर आले आणि बहिष्कार पुन्हा पेटला. न्यू इंग्लंडच्या गावांत बायका चरखे घेऊन बहुधा पाद्र्याच्या घरी जमायच्या, दिवसभर कातायच्या. वर्तमानपत्रं त्यांना ‘डॉटर्स ऑफ लिबर्टी’ म्हणायची. १७६९ साली ऱ्होड आयलंडच्या कॉलेजचा, म्हणजे आजच्या ब्राऊन विद्यापीठाचा पहिला पदवीदान समारंभ झाला, तेव्हा अध्यक्ष आणि विद्यार्थी अमेरिकेत बनलेल्या कापडाचे कपडे घालून उभे होते.

हे ऐकताना पुण्यातली १९०५ ची परदेशी कपड्यांची होळी डोळ्यांसमोर येणं साहजिक आहे. साम्य आहेच. ज्यांना मतदानाचा, सभेत बोलण्याचा हक्क नव्हता, त्या बायका चरख्यामुळे राजकारणात आल्या. रोजचं, कुणी न मोजणारं काम अचानक देशकार्य झालं.

पण इथेच थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. कारण हे स्वदेशी कापड कातत कोण होतं? न्यू इंग्लंडमध्ये गावातल्या मुली. व्हर्जिनियात मोठ्या मळ्यांवर? गुलाम बायका. वॉशिंग्टननंही इंग्लंडचा माल कमी करायचा म्हणून माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर कातणं-विणणं वाढवलं, आणि तिथे चरख्यावर गुलाम मुली बसल्या. मालकाच्या स्वातंत्र्याचं सूत त्यांनी कातलं. त्यांच्या स्वतःच्या स्वातंत्र्याचं कुणी नाव काढलं नाही.

तपकिरी सूट

शेवटचा प्रसंग. ३० एप्रिल १७८९, न्यूयॉर्क. जॉर्ज वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतायत. हाच माणूस १७६० मध्ये लंडनच्या व्यापाऱ्याला चिडून लिहीत होता की तुम्ही आमच्या गळ्यात आजोबांच्या काळातला माल मारता. आज त्याच्या अंगात साधा तपकिरी लोकरी सूट आहे. कापड अमेरिकेत, कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या गिरणीत विणलेलं. मुद्दाम निवडलेलं. जगाला सांगायला, की बघा, आम्ही आमचं कापड विणतो.

फार सुंदर खूण आहे ती, आणि खोटी नाही. पण त्याच दिवशी माउंट व्हर्ननवर शेतात राबणाऱ्या माणसांच्या अंगावर ऑस्नाबर्गच होतं.

एका देशाला स्वतःचं कापड निवडायचा हक्क मिळाला. त्या देशातल्या लाखो माणसांना स्वतःचा शर्ट निवडायचा हक्क मिळायला अजून पाऊणशे वर्षं लागणार होती. म्हणून मला वाटतं, स्वातंत्र्य मोजायचं तर झेंड्याकडे नंतर बघा. आधी बघा, कोण कुणाला काय घालायला लावतंय, आणि ते कापड कुणाच्या हातांनी बनलंय.

आज कपाट उघडाल तेव्हा एक काम करा. एखाद्या शर्टाच्या कॉलरमागचं लेबल वाचा. कुठे शिवलाय? मग हा विचार करा, की जवसाच्या देठापासून होणारं ते सगळं काम आता कुणाच्या वाट्याला आलंय. आणि तुमच्या घरी चीट, मांजरपाट, वाख असले कापडाचे जुने शब्द अजून कुणी वापरत असेल, तर त्यांना बोलतं करा आणि आम्हाला कमेंटमध्ये सांगा.

भाग आवडला असेल तर त्या मित्राला पाठवा, ज्याच्याकडे न घातलेले सात टी-शर्ट पडून आहेत. भेटूया पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा!